मार्थे, तुझ्या आंघोळीचं पाणी

इकडं ये गो मार्थे. तिथं उंबऱ्यात काय उभी राहतेस पाहुण्यासारखी? ये, अशी माझ्या पुढ्यात बस. मला आता लांबचं ऐकू येत नाही, आणि तुझा आवाज तर आधीपासूनच बारीक. बसलीस? आता सांग, ही काय रीत झाली जायची? आपलं काय ठरलं होतं? मी थोरली, मी आधी जाणार. तू मला आंघोळ घालणार, पांढरं पातळ नेसवणार, केसांना खोबरेल लावून वेणी घालणार. अंबाडा नको, वेणीच, हेसुद्धा मी तुला सांगून ठेवलं होतं आणि तू मान डोलावली होतीस. आणि मग एका सकाळी चहाचं आधण ठेवलंस, चुलीजवळच्या भिंतीला टेकलीस, आणि गेलीस. ताप नाही, खोकला नाही. एवढी घाई तुला जन्मात कधी नव्हती. एसटीचा दरवाजा लागायला आला तरी तू खाली चपलेचा पट्टा लावत बसायचीस.

रागवत नाही मी. रागवतेही आहे. दोन्ही चाललंय.

हे पाळकसाहेब आपल्या चर्चच्या मंडळीच्या अंकात छापणार आहेत म्हणे, तर आपलं काम काय होतं ते ठाऊक नसणाऱ्यांना सांगते. तू जरा दम धर. आपली मंडळी लहान आणि पसरलेली. कोणी आटगावला, कोणी शहापुरात, कोणी मुरबाडला, आणि मी इकडं टोकावड्याच्या पुढं वाडीत. पाळकसाहेब एकच, सकाळी एकीकडची उपासना आटपली की दुपारी दुसरीकडं. मंडळीतली एखादी बाई प्रभूकडं गेली की तिची शेवटची आंघोळ आपण दोघींनी घालायची. कोणी नेमलं नव्हतं आपल्याला. जुन्या पाळकबाई गेल्या तेव्हा हात लावायला कोणी पुढं होईना; तू पदर खोचलास, मी तुझ्या मागं गेले, आणि तेव्हापासून ते आपलंच झालं. साडीचा पडदा बांधायचा. पुरुष सगळे बाहेर. पाणी कोमट. एकीनं ओतायचं, एकीनं धुवायचं. अंगावर चादर कायम, तिच्या खालूनच हात फिरवायचा. मी धुवायची, तू ओतायचीस. धार अशी बारीक सोडायचीस की पाण्याचा आवाजसुद्धा होत नसे. चादर जरा सरकली की माझ्या हातावर चापट. "मेली म्हनून काय झालं ताय, बाईमानूस हाय ती."

किती जणींना धुतलं आपण. कोणाच्या पोटरीवर विळ्याची खूण, कोणाची लावणीत कुजून पुन्हा भरलेली पायाची बोटं, पोरं होऊन गेलेल्या पोटावरच्या रेघा. एका म्हातारीच्या पाठीवर काठीचा व्रण होता, काठी मारणारा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती तरी. तू प्रत्येक खुणेवर पाणी थोडं जास्त ओतायचीस. म्हणायचीस, "ह्यातलं काय वाया जायाचं नाय. शेवटच्या दिवशी हेच अंग उठनार."

"व्रणासकट?" मी विचारायची.

"ते प्रभूला ठावं. पन हेच. दुसरं कुनाचं आनून नाय देनार तो."

माझं धर्मशिक्षण म्हणशील तर तेवढंच. मी शाळा बघितली नाही. अक्षरं लग्नानंतर शिकले, तीसुद्धा पाळकबाईंच्या मांडीशी बसून, एका हातानं पोर झुलवत. पण अंग म्हणजे जिवावर चढवलेला झगा नव्हे, नको झाला की बदलून टाकावा असा, हे मला कुठल्या प्रवचनातून कळलं नाही. तुझ्या तांब्याच्या धारेखाली कळलं.

आता मी कशी आहे विचारशील. बरी आहे. पण दुपारची झोप फार येते, आणि झोप न् जाग ह्यांच्यामधला बांध कुठं फुटलाय कळत नाही. परवा पडवीत डोळा लागला. घाटाकडून ढग खाली उतरून आले होते, पार भाताच्या शेंड्यांना टेकलेले. मी बघते तर मी काळू नदीच्या काठी, जिथं आपला बाप्तिस्मा झाला त्या वळणावर. आणि आपण धुतलेल्या सगळ्या बाया तिथं दगडांवर बसलेल्या, केस मोकळे सोडून वाळवत. सगळ्या ओळखीच्या. पाळकबाई होत्या. काठीच्या व्रणाची म्हातारी होती, ती तर पाय पाण्यात सोडून गाणं म्हणत होती, आणि जिवंतपणी तिचा सूर कधी लागला नव्हता. कोणाला घाई नव्हती. पाणी वाहत होतं पण आवाज नव्हता, तुझ्या धारेसारखा. मी तुला शोधत होते. तू दिसलीस ती गुडघ्याएवढ्या पाण्यात, पाठमोरी, आणि फ्रॉक घातलेल्या एका पोरीचं डोकं न्हाणत होतीस. पोर डोळ्यांत साबण गेला म्हणून ओरडत होती, तू हसत होतीस. मी हाक मारणार इतक्यात कोंबडी पडवीत चढली आणि मी जागी झाले.

ती पोर कोण ते मला ठाऊक आहे. तुलाही.

प्रीती. तुझ्या लेकीची लेक. लेक काविळीनं गेली, जावयानं दुसरं घर मांडलं, आणि ती एवढीशी पोर तू आटगावच्या तुझ्या एका खोलीत वाढवलीस. तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा नाव तू सांगितलंस, आणि पाळकसाहेबांनी डोक्यावर पाणी घालून तेच नाव मोठ्यानं उच्चारलं; मी शेजारी उभी होते. शाळा शिकली, कल्याणला कॉलेज केलं, पुण्याला नोकरीला लागली. आणि एका नाताळाला ती घरी आली ती केस कापून, पुरुषाचा शर्ट घालून, आणि तुला म्हणाली, "आजी, मला रोहन म्हन. मी पोरगी नाय. कधीच नव्हतो."

तू मला ते सांगायला टोकावड्यापर्यंत आलीस. फोनवर बोलायचं नव्हतं तुला. आल्या आल्या पाणीसुद्धा घेतलं नाहीस. म्हणालीस, "ताय, मी तिला माझं मनगट दाखवलं."

तुझं मनगट. त्यावरची तुळस तुला लहानपणी म्हसा गावच्या जत्रेत गोंदली होती. बाप्तिस्मा झाल्यावर तुझ्या मनानं घेतलं की आपण नवीन झालो तर जुनी खूण कशाला, आणि कोणाला न विचारता तू चुना आणि धुण्याचा सोडा कालवून मनगटावर बांधलास. हात टम्म सुजला. पू झाला. पाळकबाई रोज पट्टी बदलायच्या आणि प्रत्येक पट्टीला बोलायच्या, "बाप्तिस्मा तुझा झाला गं वेडे, मनगटाचा नाही." शेवटी कातडी चुरगळली ती चुरगळली, आणि तुळस होती तिथंच राहिली. तेव्हापासून तू म्हणायचीस, अंगाशी भांडून कोणी नवीन होत नाही.

"मी तिला म्हनलं, मलाबी आतून वाटलं होतं का हे मनगट माझं नाय. चूक माझ्या वाटन्यात होती, मनगटात नाय."

"मग? काय म्हणाली?"

"म्हनली, आजी, तुजं गोंदन भायेरून आलं होतं. माजं तसं नाय."

तू उठून माझ्या अंगणातल्या पडवळाची लोंबती वेल मांडवावर चढवलीस. मग म्हणालीस, "तिच्या बोलन्याला मला जबाब देता आला नाय ताय. पन म्हनून माजं खोटं नाय झालं."

ह्या वाक्यासाठी मी तुझे उपकार मानते, मार्थे. पुष्कळदा माझीही तीच गत होते. पोरांच्या फोनमध्ये तरणी मुलं-मुली हसत हसत सांगत असतात, स्वतःला शोधा, आतला आवाज ऐका, तुम्हाला जे वाटतं तेच तुम्ही. मला त्यांना खोडता येत नाही, त्यांच्याकडं शब्द पुष्कळ. पण ऐकताना मला त्या पोरांची दया येते. आपल्याला कोणी कधी विचारलंच नाही तू कोण म्हणून. विचारलं ते एवढंच, तू कोणाची? अमक्याची लेक, तमक्याची सून. त्यात जाच होता, नव्हता असं मी म्हणत नाही; त्या व्रणाच्या म्हातारीला विचारा. मग नदीत उतरलो तेव्हा कळलं की त्या सगळ्यांच्या आधी आपण प्रभूचे आहोत, आणि त्यानं जे दिलंय ते हिशेब चुकून नाही दिलेलं. बाईपण दिलं, पुरुषपण दिलं, आणि दोघांना एका घरात बांधायचं ते मरेपर्यंत. मी तेच मानते, आणि माझ्यानं दुसरं मानलं जाणार नाही. आजच्या पोरांना मात्र रोज सकाळी उठून स्वतःच स्वतःला घडवायचं, वर ते बरोबर घडलंय का हेही जगाला विचारायचं. दमत असतील गो. आपण लावणी करून दमायचो, पण ह्या दमण्याला रात्रीची झोपसुद्धा पुरत नसेल.

बरं, आपलं भांडण. मुरबाडच्या स्टँडवर झालं ते. तू पिशवी भरून निघाली होतीस, तांदळाचं पीठ, सुकट, लोणच्याची बरणी. मला वाटलं शहापूरवरून घरी परत चाललीस. तू म्हणालीस, "पुन्याला."

"गेलीस तर ती समजेल आपण हो म्हटलं," मी म्हणाले.

"मी हो म्हनाया नाय जात. भाकरी करून घालाया जाते."

"एकच आहे ते."

"तुला एकच वाटतं, कारन तुजी नातवंडं तुज्या ताटात जेवतात."

ते मला लागलं. मी पण मग बोलले. म्हणाले, "उद्या मंडळीतली पोरं विचारतील, मार्थाबाईंच्या घरी चालतं मग आमाला का नाय. काय सांगशील?" तू म्हणालीस, "सांगेन का माज्या घरी बी नाय चालत. पन माजं घर हाय." मी म्हणाले, "खरं सोडून दिलेली माया काय कामाची?" तू म्हणालीस, "न् भुकी ठेवून सांगितलेलं खरं कोन ऐकतं?" आपला आवाज इतका चढला की कंडक्टर दारात लोंबकळून म्हणाला, "ओ आजी, भांडण गाडीत बसून करा, टाइम झालाय." तू चढलीस. मी चढले नाही. गाडी हलल्यावर तू खिडकीतून ओरडलीस, "लोनचं तुज्याच बरनीतलं हाय गो!"

परत आलीस तेव्हा मी सगळं विचारलं. कशी आहे, काय म्हणते, ऐकते का काही. तू एवढंच सांगितलंस, "तिच्या घरात पातेलं एकच हाय गो. त्यातच चाय, त्यातच भात." मी विचारलं, हाक काय मारलीस तिला? तू म्हणालीस, "भाकरी झाली, ये. अशी मारली." पुढं बोलली नाहीस. आणि मी ताणून धरलं नाही. आपलं ते भांडण तिथंच, अर्ध्यात पडून आहे. मला वाटायचं, भेटीगाठी आहेत, होईल कधीतरी पुरतं.

तू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी आधी सवयीनं म्हणाले, मार्थेला कळवा, पाणी ओतायला ती लागेल. मग जीभ चावली.

वाटेवर सोनकी फुलली होती, घाटाच्या अंगाला सगळं पिवळं. एसटीनं मुरबाड, तिथून शहापूर, पुढं इको गाडीत कोंबून आटगाव. मला काही आठवत नाही, सगळं धुक्यातून गेल्यासारखं. तुझ्या खोलीत आले तेव्हा दुपार वर आली होती. मंडळीतल्या रत्नाबाईनं पडदा बांधून ठेवला होता, पाणी तापलं होतं. तू चटईवर होतीस. चेहरा असा, की आता म्हणशील, चप्पल कुठं गेली गो माझी.

बाहेर अंगणात पुरुषांबरोबर बाकड्याच्या टोकाला प्रीती बसली होती. पहाटेच निघून आली होती. अंगानं वाळलेली, केस बारीक, आवाज जाड झालेला. मला बघून उभी राहिली, पण पुढं आली नाही. मी पडद्याशी गेले आणि विचारलं, पाणी कोण ओतणार? बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. कोणाला सवय नाही, कोणाला भीती वाटते. मी म्हणाले, "प्रीतीला बोलवा."

रत्नाबाई दारातच होती. तिचं तोंड तुला ठाऊक आहे. म्हणाली, "तिला कशाला? ती सोताच सांगते मी बाई नाय. मंग बाप्यांमधी बसलीय ती बरी बसलीय. आत बाईचं अंग हाय."

प्रीतीनं ऐकलं. ऐकावं म्हणूनच बोलली होती ती. आणि मार्थे, मला काही सुचेना, कारण रत्नाबाईचं बोलणं वाकडं होतं पण रीत तीच होती. तूच घालून दिलेली. चादर सरकली तर चापट मारणारी तू. बाईमाणूस म्हणून जी लाज राखायची ती आपण इतकी वर्षं राखली, आणि आता तुझ्याच वेळी मी ती मोडायची? आणि पोरीला बाहेर ठेवायचं, तर जिनं तिला न्हाऊ घातलं तिला तिनं शेवटचा हातही लावायचा नाही?

मी अंगणात उतरले. तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. म्हणाले, "चल आत."

ती म्हणाली, "नको लीलाआजी. आत आलो तर सगळे म्हणणार, बघा, शेवटी आली की नाय लाईनवर. आणि नाय आलो तर..." शर्टाचं बटण पिळत उभी राहिली, लहानपणी फ्रॉकचं पिळायची तशी.

मी म्हणाले, "हे बघ. मी तुला काय कबूल कर म्हणत नाय. आणि मी पण तुझं काय कबूल करत नाय. माझ्या तोंडून तुझं दुसरं नाव यायचं नाय, आलं तर खोटं येईल. पण तुझ्या आजीचं अंग खोळंबलंय, आणि पाणी थंड होतंय."

मग तिनं बूट काढले.

रत्नाबाई दारातून हटेना. म्हणाली, "लीलाबाय, उद्या बोल लागंल हां तुमाला मंडळीत." मी म्हणाले, "लागू दे. तुझ्या भावानं दोन घरं केलीत, त्याला आपण नाताळाला पहिल्या रांगेत बसवतो. त्याचा बोल आधी लावू, मग माझा." ते मी रागानं म्हणाले, पण खोटं नाही म्हणाले. आपण जे मानतो ते सगळ्यांना सारखं लागू आहे, की फक्त ज्यांचे केस कापलेले दिसतात त्यांना? रत्नाबाई बाजूला झाली. गेली मात्र नाही. आतच कोपऱ्यात उभी राहिली आणि थोड्या वेळानं टॉवेल धरायला हात पुढं केला. तिचंही तुझ्यावर प्रेम होतं गो.

प्रीतीला तांब्या धरता येईना. पहिली धार बदकन पडली, माझ्या कोपरापर्यंत भिजले. मी म्हणाले, "हळू. आजीला तळव्याला गुदगुल्या होतात." आणि ती हसली. खरंच हसली, मग त्याच हसण्यात रडायला लागली, आणि रडता रडता तिची धार सरळ झाली. चादर तिनं एकदाही सरकू दिली नाही. मी खांद्याकडं हात नेला की ती आधीच दुसऱ्या बाजूनं चादर धरून असायची. कोणी शिकवलं तिला?

तुझ्या मनगटावर आलो तेव्हा तिनं पाणी जास्त ओतलं. मग हळूच विचारलं, "लीलाआजी, आजी म्हणायची हेच अंग उठणार. खरं?"

"खरं."

"मग मी? मी कोण म्हणून उठेन?"

तू असतीस तर काय बोलली असतीस, मार्थे? रत्नाबाईसुद्धा बघत होती. मी तुझं बोट न् बोट पुसत होते, तेवढाच वेळ मिळावा म्हणून. शेवटी म्हणाले, "त्या दिवशी तो नाव घेऊन हाक मारेल. कुठलं नाव घेईल ते मला वाटतं मला ठाऊक आहे, आणि तू विचारलंस तर मी तुला तोंडावर सांगेन. पण हाक मारणारी मी नाय. आणि तो हाक मारेल तेव्हा तुला वाटणार नाय का परक्याला बोलवतोय. एवढं मात्र मी शपथेवर सांगते."

तिनं तांब्या पुन्हा भरला. धार चालू ठेवली. खूप वेळानं म्हणाली, "आजी मला रोहन कधी म्हणाली नाय. एकदाही नाय. फोनवर पण नाय."

"राग यायचा?"

"फोन ठेवला की यायचा. पण दर रविवारी फोन करायची. जेवलास का म्हणायची नाय, जेवलीस का म्हणायची नाय. म्हणायची, आज काय केलंय जेवायला."

तुझं पातळ आम्ही दोघींनी नेसवलं. वेणी तिनं घातली. तिच्या स्वतःच्या डोक्यावर केस नाहीत, पण वेणी अशी घातली, घट्ट, सरळ, तू तिला शाळेत जाताना घालायचीस तशी. पडदा सोडला तेव्हा बाहेर ऊन उतरलं होतं आणि रुळांवरून कसाऱ्याची गाडी जात होती. तुझ्या ओल्या केसांचा वास सगळ्या खोलीत होता.

माती दिल्यावर ती पुण्याला गेली. मी इथं आले. मला वाटलं संपलं.

काल तिचा फोन. इकडचं तिकडचं बोलली, तुझ्या कोंबड्या शेजाऱ्यांनी नेल्या ते सांगितलं. मग म्हणाली, "लीलाआजी, पुढच्या वेळी मंडळीत कोणी गेलं तर तुम्ही एकट्या कशा करणार? मला बोलवाल? पाणी ओतायला?"

समोर ढग शेतातून चालले होते, आमच्या बैलांसारखे, सावकाश. बघ मार्थे, काय मागितलंय तिनं. तुझ्या वेळी ती घरची होती. पुढच्या वेळी परकी बाई असेल चटईवर, तिची लेक-सून पडद्याशी असेल, आणि ही येणार शर्ट-पँट घालून, "मी आलो" म्हणत. त्या आतल्या जागेत बाईच येते, हे मी अजून मानते. प्रीती बाईच आहे, हेही मी मानते. ती मानत नाही. मग मी तिला कोण म्हणून आत घेऊ? माझ्या मानण्यावर घेऊ, की तिच्या न मानण्यावर बाहेर ठेवू? आणि हे ती मागते आहे ते का मागते आहे? मेलेल्या बायांची लाज राखायला ज्या पोरीला यावंसं वाटतं, तिच्यावर प्रभू काहीतरी काम करत असेल, ज्यात आपण बोट घालू नये? की मी म्हातारपणी हळवी झाले आणि मला जे हवं तेच दिसायला लागलंय?

मी तिला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. म्हणाले, "आधी माझ्याकडं ये. नवं भात झोडून झालं की ये, दोन दिवस राहा. काम शिकायचं म्हणजे बरंच असतं, धार धरायच्या आधी बोलायचं पण असतं. मी गोड बोलणार नाय, सांगून ठेवते." ती म्हणाली, "ठाऊक आहे." मी विचारलं, "मग?" ती म्हणाली, "आजी पण गोड कुठं बोलायची."

तर ती येणार आहे. आणि मला एकटीला धीर नाही. तुला तिकडं आता चांगलं कळत असेल, आपल्या भांडणात कोण बरोबर होतं तेही कळलं असेल, तू हसत असशील. हसू दे. मेलेल्यांना बोलवू नये हे मला ठाऊक आहे, आणि मी काही मंत्र घालून बोलवत नाही तुला. ज्याच्याजवळ आहेस त्याला विचार. तो सोडत असेल तर तिच्या येण्याआधी एकदा येऊन जा गो मार्थे. चहा ठेवते. लवकर ये.